मसिसीच्या रस्त्यावर नाईकाला गप्प बसवलं तो दिवस

काँगोतल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचं नाव जुलै २०१० मध्ये मोनुकचं मोनुस्को झालं. त्यानंतरच्या काळात मी काँगोच्या पूर्वेकडच्या उत्तर किवू प्रांतात भारतीय तुकडीचा कंपनी कमांडर होतो. निघण्यापूर्वी भारतात प्रशिक्षण झालेलंच असतं, पण स्वाहिलीचा वर्ग मी तळावरही चालू ठेवला होता. सगळ्यात हुशार विद्यार्थी कागलचा एक नाईक, म्हणजे हुद्द्यानं हवालदाराच्या खालचा जवान. घरी म्हशी, त्यामुळे याचे सगळे शब्द चारा-दुधापासून सुरू.

तिथला भाषेचा गुंता बाहेरून कळत नाही. किवूतली माणसं स्वाहिली बोलतात. काँगोच्या सैन्यात मात्र बेल्जियनांच्या अमलापासून लिंगाला ही भाषा चालते आणि अधिकाऱ्यांचा कागद फ्रेंचमध्ये. आमच्याबरोबर गस्तीला येणारा काँगोचा लेफ्टनंट पार पश्चिमेच्या राजधानीकडचा, किन्शासाकडचा. किवूतल्या खेड्यात तो जवळजवळ आमच्याइतकाच परका. शिवाय गणवेशातल्या माणसाच्या तोंडी लिंगाला आली की गावकरी आधीच आखडतात.

त्या दिवशी साकेहून मसिसीकडे चढत होतो. दोन्ही बाजूंना हिरवी कुरणं, गायी. नाईक म्हणाला, "साहेब, हे तर आपलं पन्हाळ्याजवळचं मसाई पठारच!"

गावप्रमुख झोपडीसमोर बसला होता. लेफ्टनंटनं फ्रेंचमध्ये विचारलं, दुभाषानं स्वाहिलीत सांगितलं, म्हाताऱ्यानं दोन शब्दांत संपवलं. पुन्हा प्रश्न, पुन्हा तेच. एवढ्यात नाईकानं बाजूला बांधलेल्या गायीची कास बघून दुधाचं काहीतरी विचारलं. म्हातारा पूर्ण त्याच्याकडे वळला. हसला. स्टूल सरकवलं. वासरावरून गाडी बाजारावर आली आणि बाजारावरून रस्त्यावरच्या लुटीवर.

आम्हाला हवं ते मिळत होतं. पण मी लेफ्टनंटकडे पाहिलं. तो बुटावरचा चिखल काठीनं खरवडत होता. त्याचे शिपाई बघत होते, मागे डेग-भांडी घेऊन आलेल्या त्यांच्या बायकाही. या लोकांचा पगार वेळेवर होत नाही, कुटुंब बरोबर फिरतं. त्यांच्यासमोर साहेबाला कुणी विचारत नाही, हे चालणार नव्हतं. आमची पलटण फार तर वर्षभर राहणार, त्यानंतर या रस्त्याला तोच.

मी नाईकाच्या खांद्यावर हात ठेवला. "बस आता." दुभाषाला म्हटलं, म्हाताऱ्याला सांग, उत्तरं लेफ्टनंटसाहेबांना द्यायची. मी स्वतः उठून जीपपाशी गेलो. बराच वेळ काही झालं नाही. मग म्हाताऱ्यानं जमिनीवर बोटानं रेघ ओढली. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी कुठल्या पायवाटेवर हत्यारबंद लोक वसुलीला बसतात, ते लेफ्टनंटला दाखवलं. पहाटेची गस्त कुठून न्यायची हे त्यानंच ठरवलं. आमच्याकडे फक्त एक गाडी आणि रेडिओ मागितला.

परतताना नाईक धुमसत होता. "मी सगळं काढून घेतलं असतं, साहेब."

"घेतलं असतंस. आपण गेल्यावर म्हाताऱ्यानं सांगायचं कुणाला?"

त्याला पटलं नाही. पुढच्या वर्गात मी नवा सराव घातला: जोडीतल्या एकाला स्वाहिली येते, दुसऱ्याला नाही, आणि बोलणं न येणाऱ्यानंच चालवायचं. सगळेच वैतागले. नाईक जरा जास्तच.