ऑटिझमवरचा माझा लघुप्रबंध

एम. ए. मानसशास्त्राच्या लघुप्रबंधासाठी मी स्वमग्नता (ऑटिझम) हा विषय मागितला, तेव्हा मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच बैठकीत त्याची हद्द आखून दिली. एवढ्या पदवीवर निदान करण्याचा अधिकार मिळत नाही. तेव्हा ज्या मुलांचे निदान आधीच झाले आहे, त्यांच्या पालकांना लक्षणे केव्हा व कशी जाणवली, एवढाच प्रश्न घ्यावा, असे ठरले.

वाचन मात्र बरेच करावे लागले. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचे वर्णन केले तिथपासून, २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकी मानसोपचार निदानपुस्तिकेत अ‍ॅस्पर्गर हे स्वमग्नतेशी जवळचे, पण वेगळे धरलेले निदान रद्द होऊन सगळे स्वमग्नतेच्या एकाच वर्णपटात आले तिथपर्यंत. आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, हा सिद्धांत केव्हाच मोडीत निघाला आहे. बीड जिल्ह्यातल्या घरांत तो अजून नांदतो, फक्त थंडपणाऐवजी मोबाइलचे नाव घेतले जाते.

पालकांकडची अपंगत्वाची प्रमाणपत्रे समजण्यासाठी आयएसएए (इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम) ही स्वमग्नता मोजण्याची भारतीय मापनी अभ्यासणे भाग होते. तिच्यात ४० विधाने असून प्रत्येकाला १ ते ५ गुण असतात आणि एकूण गुण ७० च्या खाली असतील तर स्वमग्नता धरली जात नाही. हे गुण वर्तन किती टक्के वेळ दिसते यावर ठरतात, पण शेतावरून आलेल्या आईला टक्क्यांत विचारणे व्यर्थ होते. त्यामुळे माझ्या मुलाखतीत मी सकाळी उठल्यापासून निजेपर्यंतचा एक अख्खा दिवस सांगायला लावत असे, आणि मग हाक मारल्यावर न वळणे, बोटाने वस्तू न दाखवणे, चपला एका ओळीत लावत बसणे हे सगळे न विचारता बाहेर येई.

खरी अडचण कॅलेंडरची होती. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला गेलेली कुटुंबे पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरच, परततात, म्हणून मुलाखतींचे वेळापत्रक विद्यापीठाच्या सत्राऐवजी कारखान्याच्या हंगामावर बेतावे लागले. शिवाय ‘पहिल्यांदा कधी वाटलं?’ या प्रश्नाला उत्तर यायचे, ‘ताई, त्या साली पोळ्याला आम्ही गावातच होतो, तवा.’ पोळा, नवरात्र, कोयता (ऊसतोडीचा हंगाम), धाकट्याचा जन्म, अशा खुणांवरून आणि लसीकरणाच्या कार्डावरील जन्मतारखेवरून मी त्या वेळचे वय महिन्यांत काढले. जिथे दोन खुणा जुळल्या नाहीत, तिथे एक आकडा न देता वयाचा पल्ला लिहिला.

तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी नेमके त्यावरच बोट ठेवले: पालकांच्या आठवणीवर विसंबायचे किती? मी या खुणांवरून वय कसे काढले, त्या रूपांतराचा तक्ता पुढे केला. त्यांनी तो बारकाईने पाहिला आणि परिशिष्टातून उचलून संशोधनपद्धतीच्या प्रकरणात घालण्यास सांगितले.