नन्नाचा पाढा

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हन परगण्यात, इन्स्टो नावाचं खाडीकाठचं गाव आहे. बार्नस्टेपलहून बिडफर्ड, टॉरिंग्टनकडे जाणारी रेल्वे तिथून जायची. १९६५ मध्ये प्रवासी गाड्या थांबल्या, १९८२ मध्ये माती वाहणाऱ्या मालगाड्याही. त्या वाटेवरून आता सायकली पळतात. सिग्नलची केबिन मात्र जागेवरच आहे. १८७० च्या दशकातली. ब्रिटनमध्ये संरक्षित वास्तूंच्या यादीत गेलेली ही पहिली सिग्नल केबिन मानली जाते. हौशी मंडळी तिची निगा राखतात.

जुन्या वस्तूंच्या हळहळीचा मला कंटाळा आहे. केबिन मला आवडते ती तिच्या आडमुठेपणासाठी.

आत सिग्नल आणि सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारे जोड, हलवणाऱ्या दांड्यांची रांग असते. लाल सिग्नलचे, काळे सांध्यांचे, निळे कुलपांचे, पांढरे बिनकामाचे. हाताच्या घामानं चकचकीत मूठ गंजू नये म्हणून फडक्यात धरून ओढायचे. पण ओढायचं म्हटलं की ओढता येतं असं नाही. फाटक रस्त्याला खुलं असेल, तर सिग्नलचा दांडा हलत नाही. सांधा भलत्या रुळाला लागलेला असेल, तरी नाही. आणि एकदा सिग्नल दिला की फाटक काही केल्या उघडत नाही. जोर लावा, विनवण्या करा. दांड्यांना जोडलेल्या खाचांच्या पट्ट्या एकमेकींना अडवून बसलेल्या असतात. जॉन सॅक्सबीनं अशा जोडणीचं पेटंट १८५६ मध्ये घेतलं. ती सक्तीची व्हायला १८८९ उजाडलं. त्या वर्षी आयर्लंडमध्ये आर्मा इथे सहलीच्या गाडीचे सोडवलेले डबे उतारावरून घरंगळत मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० माणसं गेली, त्यांत पोरं कितीतरी. खरं तर तिथे दोष सांध्यांचा नव्हता, ब्रेकचा होता, आणि दोन गाड्यांमध्ये नुसतं घड्याळ बघून अंतर ठेवण्याचा. पण कायदा आला तो सगळंच एकदम घेऊन.

सरकारी खिडकीवरही ‘नाही’च ऐकू येतं, पण तिथे कशामुळे नाही ते कळत नाही, आणि साहेबांच्या ओळखीचा माणूस आला की त्याचं होतं. दांड्याला ओळखपाळख नाही. शिवाय त्याच्या नकारात पुढची वाट दडलेली असते: आधी तो दांडा, मग मी.

आपल्याकडेही इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग, म्हणजे हीच अडवणूक संगणकावर करणारी यंत्रणा, आल्यापासून दांड्यांच्या केबिनी एकेक करून बंद होत चालल्या आहेत. नवं यंत्रही त्याच नियमांनी अडवतं, फक्त त्याचं अडवणं खांद्याला जाणवत नाही. म्हणून वाटतं, एखादी केबिन दांडे, पट्ट्या आणि फाटकासकट राखावी आणि शाळांच्या सहली तिथे न्याव्यात. पोरं दम लागेस्तोवर ओढतील. आधी कुठला दांडा ओढायचा, ते मात्र त्यांना कुणी सांगू नये.