आमची वाटचाल : नकाशापासून एसटीच्या किटपर्यंत

घरी एसटीची प्रतिकृती करणारी मुलं बहुतेक आठवी ते बारावीतली. गाडीची माहिती त्यांना पाठ असते. नंबरप्लेटवरून गाडी एसटीच्या कोणत्या कार्यशाळेत बांधली ते ओळखतात: एमएच-१४ बीटी दिसली की दापोडीची बांधणी, एमएच-२० बीएल म्हणजे चिकलठाणा, एमएच-४० म्हणजे हिंगणा. घोडं अडतं ते हाताच्या कामावर. त्यातलं कोणतं काम आम्ही उरकून द्यायचं आणि कोणतं मुलाकडेच ठेवायचं, हे ठरवत ठरवत आमचं किट आजच्या रूपाला आलं.

सुरुवातीला आम्ही फक्त गाडीचे नकाशे विकायचो, १:२० मापाचे, म्हणजे खऱ्या गाडीच्या विसाव्या हिश्श्याचे. हे माप हिशेबाला सोपं: २.६ मीटर रुंदीची गाडी १३ सेंटीमीटर, ११ मीटर लांबीची ५५. लेलँड वायकिंग या बसचा २२२ इंची व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर, २८.२ सेंटीमीटर येतो. तरी घरच्या गाड्या बघताक्षणी खोट्या वाटायच्या, आणि दोष बहुधा चाकांचा असायचा. बाटलीची झाकणं लावली की गाडी बसकी दिसते. बसच्या १०.००-२० मापाच्या टायरचा व्यास या मापात सव्वापाच सेंटीमीटर होतो. म्हणून ५ मिमी सनबोर्डच्या (फोमचा हलका, ताठ बोर्ड) तीन चकत्या चिकटवून एक टायर करायचा आणि मागे दोन्ही बाजूंना जोडटायर द्यायचे, मध्ये ३ मिमीची चकती. आसाला सायकलचा स्पोक चालतो.

नकाशा घेऊनही निम्म्या गाड्या अर्धवट राहत, कारण खिडक्या. दोन खिडक्यांमधला खांब या मापात जेमतेम ३-४ मिमी उरतो. बोथट पात्याने एका दमात कापायला गेलं की सनबोर्ड फाटतो आणि खांब तुटतो. हातानेच कापायचं असेल तर आधी खिडक्या कापा, बाहेरची रेघ शेवटी. प्रत्येक रेघेवर तीन हलके हात फिरवा, कोपऱ्याकडून मध्याकडे. दर दोन-तीन खिडक्यांनंतर कटरचं टोक मोडून नवी धार घ्या. पट्टी स्टीलचीच हवी.

हे काम आम्ही स्वतःकडे घेतलं. लेझरचा मोह झाला, पण आमचा सनबोर्ड पीव्हीसीचा. तो लेझरवर जाळला तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, छातीला वाईट आणि मशीनलाही गंज. त्यामुळे गाडीच्या बाजू सनबोर्डमधून राउटरवर (फिरत्या पात्याने कापणारं मशीन) आणि चासी, सीटचे सांगाडे एमडीएफमधून (लाकडाच्या भुश्शाचा दाबलेला बोर्ड) लेझरवर, अशी विभागणी झाली. एमडीएफचीही एक खोड आहे: ३ मिमी म्हणून आलेला बोर्ड कधी २.७ भरतो, कधी ३.१. भाग अडकवायची खाच एकाच मापाने कापली तर एका लॉटमध्ये सैल, दुसऱ्यात शिरतच नाही. आता प्रत्येक लॉटची जाडी आधी व्हर्नियरने मोजतो. आणि कुरियरमध्ये खांब तुटू नयेत म्हणून खिडकीतला तुकडा पूर्ण सोडवत नाही, दोन बारीक न कापलेल्या जोडांवर तसाच ठेवतो. तो जोडणीच्या वेळीच काढायचा. पाकीट उघडल्या उघडल्या सगळे तुकडे पाडणाऱ्यांचे फोन अजून येतात.

गोंदाची गोष्ट वेगळी. सनबोर्डला फेविक्विक पटकन धरतं, पण खिडकीची पारदर्शक शीट लावताना ते वापरू नका, त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते. शीट रंगकामानंतर, आतल्या बाजूने, दुहेरी टेपवर बसवा. थर्माकोल वापरणाऱ्यांनी फेव्हिबाँड आणि स्प्रे दोन्हींपासून लांब राहावं, त्यातल्या द्रावणाने थर्माकोल विरघळतो.

रंग मात्र आम्ही मुलांवरच सोडला. आधी रंगवलेली किटं देऊन पाहिली. गाडी दोन तासांत उभी राहायची, पण सगळ्यांची सारखीच. लाल रंग खालचं झाकायला कच्चा, म्हणून पांढऱ्या प्रायमरवर पातळ तीन-चार हात, दोन हातांमध्ये वाळायला वेळ. एकच जाड हात दिला की ओघळ येणारच. पट्ट्यासाठी मास्किंग टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी खालचाच रंग मारा आणि मग वरचा, म्हणजे कड फुटत नाही.

१९४८ साली १ जूनला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली, त्यामुळे त्या दिवसापर्यंत गाडी पूर्ण करायची अनेकांची घाई असते आणि नेमका तेव्हाच पाऊस तोंडावर. दमट हवेत मारलेला लॅकर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक लेप, पांढरट पडतो. तसं झालं तर खरवडू नका, कोरड्या दुपारी वरून पातळ हात द्या, बहुतेक वेळा निघून जातं.

नंबरप्लेट आणि मार्गाच्या पाट्या किटमध्ये कोऱ्याच असतात. छापून द्या, असं पालक सांगतात. आम्ही देत नाही. लॅकर मारण्याआधी पाटीवर लिहू नका, स्केचपेन लॅकरखाली पसरतं. लॅकर वाळल्यावर वरून बारीक ब्रशने लिहा, आणि अक्षर चुकलं तर पुसत बसू नका, पाकिटात तीन जास्तीच्या कोऱ्या पाट्या टाकलेल्या असतात.