रत्नागिरी ते दुबई: आईला नेताना वेळेचा हिशोब कसा लावला

आईला दादाकडे दुबईला न्यायचं ठरलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न, विमानात किती तास बसायचं? तिला शुगर आहे, गोळी आणि खाणं वेळेवर लागतं, त्यामुळे मलाही नक्की उत्तर हवं होतं. आपल्याकडे बऱ्याच घरातलं कोणी ना कोणी आखातात आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

मुंबई ते दुबई हवाई अंतर साधारण १,९३० किमी. विमान वर गेलं की ताशी ८५०-९०० किमीने जातं, म्हणजे सव्वादोन तासात पोचायला हवं ना? पण तिकिटातला वेळ गेटवरून विमान हललं की सुरू होतो तो तिकडे गेटला लागेपर्यंत, त्यात रनवेसाठी रांग, वर चढणं, खाली उतरणं सगळं आलं. शिवाय हिवाळ्यात वर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो, जाताना तो समोरून येतो. त्यामुळे जाताना सव्वातीन तास धराच.

आता खरी गंमत घड्याळाची. आमच्या तिकिटावर सकाळी १० ला सुटून ११:५० ला पोचणार असं होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगो, पावणेदोन तासात दुबई!" तसं नाही, दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात आणि दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, म्हणजे खरा प्रवास तीन तास वीस मिनिटं. दुबईत ११:५० म्हणजे आपल्याकडे दुपारचे १:२०, आईची जेवणाची वेळ उलटून गेलेली. म्हणून तिच्या हातातलं घड्याळ भारताच्याच वेळेवर ठेवलं, साडेबाराला विमानातच दोन घावणे आणि त्यावर गोळी. डॉक्टरांना आधी विचारलं होतं, ते हो म्हणाले. गोळ्या आणि चिठ्ठी हातातल्या पर्समध्ये, मोठ्या बॅगेत अजिबात नाही.

पण खरं सांगू, विमान हा सगळ्यात सोपा भाग. रत्नागिरी ते मुंबई साडेतीनशे किमीच्या आतच, पण त्यालाच सहा-सात तास, आणि विमानतळावर तीन तास आधी हजर. रात्रीची कोकणकन्या पकडून पहाटे ठाण्याला उतरायचं आणि तसंच विमानतळ गाठायचं असं बरेच जण करतात, मला ते पटत नाही, गाडी लेट झाली की म्हाताऱ्या माणसाची दमछाक होते. आम्ही आदल्या दिवशी मांडवीने ठाण्याला मावशीकडे गेलो, आई रात्रभर नीट झोपली. व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा, इमिग्रेशनच्या रांगेत फार उपयोग होतो.

बॅगेचं पण बघा. आईने अनारसे केले होते ते घरीच ठेवायला लावले, खसखस यूएईत बेकायदा आहे, चिमूटभर सुद्धा नको. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या पण चेक-इन बॅगेतून काढल्या, तेलामुळे पेट घेतात म्हणून चालत नाहीत. आमसुलं बिनधास्त गेली.

येताना उलटं, वारा पाठीमागून म्हणून तीन तासाच्या आतबाहेर, पण घड्याळात दीड तास जातो. दुपारी २ ला सुटलात तर मुंबईत साडेसहाच्या सुमारास. बॅगा घेऊन बाहेर पडेपर्यंत आठ, मग अकराच्या सुमारास सीएसएमटीहून सुटणारी कोकणकन्या आरामात मिळते, ठाण्याहून चढलात तर अजून सोपं.