बाबांसाठी सात बॅसिलिका

बाबा गेले तेव्हा आमचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. ते मी पापनिवेदनात, म्हणजे धर्मगुरूपुढे पाप कबूल करताना, सांगितलं, क्षमाही मिळाली. तरी २०२५च्या ज्युबिली वर्षात, म्हणजे कॅथलिकांच्या पवित्र वर्षात, ऑक्टोबरात मी रोमच्या सात बॅसिलिका, म्हणजे मानाची मोठी चर्च, पायी केल्या. बाबांसाठी इंडल्जन्स, म्हणजे पापाच्या शिक्षेतली सूट, मागायला.

लोक विचारतात, पैसे देऊन पाप माफ करून घेतात तेच ना? तसा बाजार एके काळी भरला होता, हे खरं आहे. १५१७मध्ये धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर त्यावरच उठला, आणि १५६७मध्ये पोप पायस पाचवे यांनी पैशांशी जोडलेल्या इंडल्जन्स रद्द केल्या. पण पाप माफ होतं ते पापनिवेदनातच. माफीनंतरही पापाने मनाला लावलेलं वळण उरतं. ते सुटायला जे सोसावं लागतं, इथे किंवा मरणानंतर पर्गेटरीत, जिथे स्वर्गाआधी आत्मा शुद्ध होतो, त्यातली सूट म्हणजे इंडल्जन्स. ख्रिस्ताच्या आणि संतांच्या पुण्याईतून ख्रिस्तसभा ती देते. स्वतःसाठी घ्यावी किंवा मृतांसाठी. दुसऱ्या जिवंत माणसासाठी घेता येत नाही.

संत पेत्राच्या चौकातून पहाटे निघाले. सोळाव्या शतकात संत फिलिप नेरी माणसं जमवून याच वाटेने चालायचे. संत पौलाच्या बॅसिलिकेपासून पुढच्या रस्त्याचं नावच 'सात चर्चचा रस्ता' आहे. संत सेबॅस्टियननंतर आपिया मार्गाच्या दगडांवर टाचेचा फोड फुटला. मोजा चिकटला, तशीच लॅटरनच्या बॅसिलिकेपर्यंत गेले.

पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना, एवढं जमण्यासारखं होतं. अवघड अट चौथी: अगदी किरकोळ पापाचीही ओढ मनात नको. असली तर इंडल्जन्स पूर्ण मिळत नाही, आंशिक मिळते. पवित्र क्रूसाची बॅसिलिका मागे पडली आणि माझ्या लक्षात आलं, चालता चालता मी बाबांना उत्तरं देते आहे. तेच जुनं भांडण, आणि या वेळी जिंकणारी मी. गोड लागत होतं ते. संत लॉरेन्सच्या पायरीवर बसले, मोजा सोडवला आणि खूप रडले.

शेवटची पवित्र मारियेची बॅसिलिका. ज्युबिलीतच उघडणाऱ्या पवित्र द्वाराच्या गार कांस्यावर तळवा टेकवला. सगळी उत्तरं संपली होती असं म्हणवत नाही. बाबांचं नाव घेतलं, 'हे आमच्या स्वर्गातील बापा' सुरू केलं, आणि मागची रांग पुढे सरकली तशी आत गेले.