ज्ञानाची गरज मोजायला बीडच्या डोंगरपट्ट्यात जाणार असाल तर

‘गरजांचं मूल्यांकन दरवर्षी होतं, कागद तयार आहेत,’ असं एका संस्थेनं फोनवर सांगितलं होतं. गरजांचं, म्हणजे काम करणाऱ्यांना कोणती माहिती हवी, त्याचं. आरोग्यात काम करणाऱ्या त्या संस्थेच्या कार्यालयात फाईल उघडली, तर वरून आलेली प्रशिक्षणाच्या विषयांची यादी आणि तिच्यावर बरोबरच्या खुणा. आशाताईंना, नर्सबाईंना कुठं अडतं हे विचारल्याचा एकही कागद नाही. याला मूल्यांकन म्हणत नाहीत. मला अजूनही राग येतो.

म्हणून ‘मूल्यांकन करता का?’ असं विचारूच नका, ‘हो’च म्हणतात. शेवटचं कधी केलं, कुणाला विचारलं, कसं विचारलं आणि त्यावरून काय बदललं, ते विचारा. ‘काय बदललं’ म्हटलं की सगळे गप्प होतात. तिथं चहा येऊ द्या, पण प्रश्न सोडू नका. नॉलेज ऑडिटला वेगळा रकाना ठेवा. संस्थेकडं कोणती माहिती आहे आणि ती कुठं अडकते, हे ऑडिटमध्ये कळतं. वापरणाऱ्याला काय हवंय, ते त्यातून पुरतं कळेलच असं नाही.

अंबाजोगाईकडचं काम सोपं होतं. पाटोद्यापर्यंतही एसटी आहे. त्यापुढं आरोग्य उपकेंद्राचा रस्ता निव्वळ खडीचा, पाठ मोडते. जीपवाल्यानं रिकाम्या परतीचंही भाडं लावलं. जाण्यायेण्याचं मिळून आधीच ठरवा. तरी लांबचं उपकेंद्र सोडू नका. नियमानं सपाट भागात ५,००० आणि डोंगरी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, म्हणजे एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली अनेक येतात. दाखवायला नेतात ते डांबरी रस्त्यालगतचं.

त्या खडीच्या टोकाला एक आशाताई म्हणाल्या, “पोटुशी बाई उसाला गेली, तर तिची पुढची तपासणी कुठं अन् फोन कुणाला करायचा? एवढं सांगा की.” बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा, आणि त्या यादीत स्थलांतराचा विषयच नव्हता! सगळी खडी तिथं वसूल झाली.

आशांच्या मासिक बैठकीत सगळ्या एकत्र भेटतात, पण साहेब समोर असले की ‘सगळं माहीत आहे’ एवढंच ऐकू येतं. बैठक संपल्यावर बाहेर बसा. दसऱ्याच्या आधी जा. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, मग ज्यांच्यासाठी ही माहिती हवी ती माणसंच गावात नसतात.