पुरुषोत्तमचे दिवस आणि विंगेतली माणसं

पुण्यात पाऊस लागला की कॉलेजांच्या रिकाम्या वर्गांत बाक भिंतीला सरकवलेले दिसू लागतात. तेवढ्यावरून ओळखायचं, पुरुषोत्तमच्या तालमी सुरू झाल्या. महाराष्ट्रीय कलोपासकनं १९६३ साली सुरू केलेली ही पुरुषोत्तम करंडक आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा. भरत नाट्य मंदिरातल्या ‘अरे आवाज कुणाचा’ या घोषणेची आठवण सगळेच काढतात, नटांचीही काढतात. पण एकांकिका उभी राहते आणि पडते ती बऱ्याचदा विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या पडद्याआड, आणि त्या मंडळींबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

तालमीचं पहिलं काम फरशीवर होतं. रंगमंचाची रुंदी, खोली, विंगांच्या जागा मोजून आणायच्या आणि वर्गात टेपनं आखायच्या. याचा कंटाळा केला की वर्गात तीन पावलांत होणाऱ्या एंट्रीला रंगमंचावर सात पावलं लागतात. वाक्य संपतं आणि नट अजून चालतोच आहे! वेळेचंही तसंच. तालमीत कुणी हसत नाही, कारण सगळ्यांना विनोद पाठ असतात. प्रयोगात हशा आला की नट थांबतो आणि बघता बघता तीन-चार मिनिटं वाढतात. म्हणून मुरलेला दिग्दर्शक मर्यादेच्या पाच मिनिटं आत बसेल अशीच संहिता कापतो, लेखक कितीही रुसला तरी.

सेटचा खरा शत्रू पाऊस. लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर मांजरपाट ताणून फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंती, करतात. कापड सैल राहिलं तर दार लावल्याबरोबर अख्खी भिंत थरथरते. दमट हवेत रंग वाळायला वेळ लागतो, म्हणून तो आदल्या रात्री लावायचा नाही, नाहीतर नायिकेच्या पाठीवर भिंत उमटते. ऑइलपेंट तर नकोच, दिव्याखाली चकाकतो. त्यापेक्षा डिस्टेंपर बरा. जोडाला खिळे ठोकत बसण्यापेक्षा पिन निघणाऱ्या बिजागऱ्या लावल्या की दोन फ्लॅट काही सेकंदांत जोडता येतात. प्रत्येक तुकड्यामागे खडूनं नंबर, आणि कुठला नंबर कोण उचलणार हे ठरलेलं. मांडामांडीचीसुद्धा घड्याळ लावून तालीम होते. ती न करणाऱ्या संघात ऐन वेळी चौघं एकाच लेव्हलला, म्हणजे लाकडी चौथऱ्याला, हात घालतात आणि टेबल विंगेतच राहतं.

मग ब्लॅकआउट. उजेड अचानक गेला की डोळ्यांना काही दिसत नाही, आणि नेमकं तेव्हाच खुर्ची हलवायची असते. त्यासाठी लेव्हलच्या कडांना आणि खुर्चीच्या पायांच्या जागी रेडियमच्या बारीक पट्ट्या चिकटवतात. या पट्ट्या आधी उजेड पितात, मगच चमकतात. वर सतरंजी टाकून ठेवली असेल तर अंधारात त्यांचा काही उपयोग नाही. पट्ट्या फार लावल्या तर पहिल्या रांगेला रंगमंचावर विमानतळ दिसतो.

संगीतवाल्यानं फाइलींना क्यूच्या, म्हणजे इशाऱ्यांच्या, क्रमानं नंबर द्यायचे, आपोआप पुढचं गाणं वाजण्याची सोय बंद करायची, लॅपटॉपचं इंटरनेट तोडायचं. मृत्यूच्या प्रसंगात मेसेजची टिंग वाजली तर सभागृह काय करतं ते वेगळं सांगायला नको. प्रकाशवाल्याला क्यू देताना आधी ‘तयार’ आणि मग ‘जा’, एवढे दोनच शब्द. ‘आता, आता, थांब, हां’ असं कुजबुजणाऱ्यानं चांगले चांगले शेवट घालवलेत.

विंगेतल्या टेबलावर कागद पसरून त्यावर प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा काढतात. चष्मा, पत्र, सुरी. रेषा रिकामी दिसली की वस्तू रंगमंचावर आहे किंवा हरवली आहे, हे क्षणात कळतं. पत्राच्या दोन प्रती असाव्यात, कारण एक हमखास कुणाच्या तरी खिशात घरी जाते.

इतकं करूनही निकालाची खात्री नसते. २०२२ साली तर परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. त्यावर वाद बराच झाला, पण स्पर्धेचा दरारा टिकतो तो अशाच हट्टानं.

प्रयोग संपल्यावर नट कौतुक ऐकायला बाहेर पळतात. मागे पुढच्या कॉलेजची माणसं फ्लॅट घेऊन उभीच असतात, त्यामुळे रंगमंच लगेच मोकळा करावा लागतो. शेवटी मांडलेलं आधी काढायचं, बिजागऱ्यांच्या पिना एका डब्यात टाकायच्या, आणि उसनं आणलेलं सामान यादीवर टिक करून त्याच रात्री वेगळं ठेवायचं. प्राचार्यांच्या केबिनमधली खुर्ची असेल तर ती सगळ्यात आधी.